धबधब्याची वाट : उतरण्याआधी परतीचा विचार

गणेशविसर्जन आटोपते, पावसाचा जोर ओसरू लागतो आणि घराघरांत सहलीचे बेत रंगतात. सह्याद्रीच्या कड्यांवरून अजून भरपूर पाणी कोसळत असते, रानफुले उमललेली असतात, हवेत सुखद गारवा असतो. मात्र धबधब्याला जायचे ठरले की बहुतेक कुटुंबांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आई-बाबांनी गाडीतच बसावे, आम्ही तासाभरात पाहून येतो.’ हे वाक्य काळजीपोटीच उच्चारलेले असते, तरीही ते ऐकणाऱ्याच्या मनाला लागते. याच्या उलट टोकही पाहायला मिळते. ‘काही होत नाही, सावकाश चला’ असा आग्रह करून वडीलधाऱ्यांना शेकडो पायऱ्या उतरायला लावले जाते आणि पुढचे दोन आठवडे गुडघा शेकण्यात जातात.

या दोन टोकांच्या मध्ये एक शहाणा मार्ग आहे, तो म्हणजे नियोजनाचा. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बहुतेक व्यक्तींना, मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघ्यांची झीज असतानाही, योग्य ठिकाण निवडून आणि काही आठवड्यांची तयारी करून धबधब्यापर्यंतची सोपी पायवाट चालता येते. ती कशी आखावी, हे आपल्यासाठी आणि आपल्या सोबत्यांसाठी येथे मांडत आहे.

उतार आधी, चढ नंतर

गड चढताना कष्टाचा भाग आधी येतो. दम लागला, पाय भरून आले की माणूस आपोआप थांबतो आणि उतरून परत येतो. धबधब्याची वाट बहुधा याच्या उलट असते. गाडी वर पठारावर किंवा घाटरस्त्याला उभी राहते आणि वाट दरीकडे उतरत जाते. उतरताना दम लागत नाही, समोर पाण्याचा आवाज वाढत असतो, उत्साह असतो. शरीराकडून इशारा असा मिळतच नाही. तो मिळतो परतीच्या चढावर, आणि तेव्हा थकलेल्या अवस्थेत तो चढ चढण्यावाचून दुसरा पर्याय उरलेला नसतो.

उतार ‘सोपा’ वाटतो तो फक्त हृदयाला आणि फुप्फुसांना. गुडघ्याला तो मुळीच सोपा नसतो. पायरी उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. मांडीच्या पुढच्या भागातील स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा तोल धरून ठेवावा लागतो. हे काम स्नायूंना अधिक थकवणारे असते. तळाशी पोहोचल्यावर पाय थरथरतात ते यामुळेच. पुढे वर चढताना याच थकलेल्या स्नायूंवर भिस्त ठेवायची असते.

म्हणून पहिले सूत्र हे, की आपण किती खाली उतरू शकतो हा प्रश्न विचारूच नये. आपण किती वर चढू शकतो, एवढेच पाहावे आणि तितकेच उतरावे.

हे मोजण्याचा एक सोपा हिशेब आहे. साधारण वीस पायऱ्यांचा एक मजला होतो. स्थानिक माणसाला ‘वाट किती लांब आहे?’ असे विचारल्यास ‘हे काय, जवळच आहे’ असे उत्तर मिळते. त्याऐवजी ‘पायऱ्या किती आहेत?’ असे विचारावे. दोनशे चाळीस पायऱ्या म्हणजे बारा मजले. पायऱ्या नसून नुसती उतरती पायवाट असेल, तर मोबाइलवरील नकाशात वाहनतळाची आणि तळाच्या जागेची उंची पाहून त्यांतील फरक काढावा. साठ मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ वीस मजली इमारत. ‘अगदी सोपी वाट’ म्हणून सांगितलेल्या ठिकाणाचे खरे रूप या एका आकड्यातून कळते.

ठिकाण निवडताना

आपल्याकडील धबधब्यांचे ज्येष्ठांच्या दृष्टीने ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार रस्त्यालगतचा. सिंधुदुर्गातील आंबोली घाटातला मुख्य धबधबा थेट रस्त्यावरून दिसतो. ज्यांना काठीशिवाय उभे राहणे कठीण आहे, त्यांनाही तो डोळे भरून पाहता येतो.

दुसरा प्रकार दुरून दर्शन घडवणारा. साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूने जाताना सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेला ठोसेघरचा धबधबा समोरच्या बाजूने, बांधलेल्या गॅलरीतून पाहता येतो. आखलेली वाट, कठडा आणि पाण्यापासून सुरक्षित अंतर या तिन्ही गोष्टी तेथे आहेत. महाबळेश्वरजवळचा वेण्णा नदीवरील लिंगमळा धबधबाही आखलेल्या वाटेने जाऊन पाहता येतो. तेथे जवळचा लहान धबधबा आणि पुढचा मोठा, असे दोन टप्पे असल्याने आपल्या कुवतीप्रमाणे पहिल्या टप्प्यावर थांबण्याची सोय आहे. बहुतेक ज्येष्ठांसाठी मी हाच दुसरा प्रकार सुचवतो.

तिसरा प्रकार जंगलातून, ओढे ओलांडत, थेट डोहापर्यंत जाणाऱ्या वाटांचा. रायगड जिल्ह्यातील भिरा येथून जाणारी देवकुंडची वाट या प्रकारची. छायाचित्रे कितीही मोहक असली, तरी तोल आणि गुडघे पूर्ण भरवशाचे नसणाऱ्यांनी ती टाळावी.

उंचीची धास्ती मात्र बाळगू नये. ‘डोंगरावर ऑक्सिजन कमी पडेल का?’ असा प्रश्न अनेक जण विचारतात. विरळ हवेचा आजार साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर उद्भवतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हेच मुळी १,६४६ मीटर उंचीचे आहे. फुप्फुसांचा गंभीर आजार नसेल, तर सह्याद्रीत दम लागतो तो चढामुळे, हवेमुळे नव्हे.

हंगाम निवडताना जुलै-ऑगस्ट वगळावेत. सप्टेंबरचा अखेरचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम. पाणी असते, पण शेवाळ आणि धुके कमी झालेले असते. शनिवार-रविवार टाळावा, कारण गर्दीच्या पायऱ्यांवर मागून येणाऱ्यांच्या घाईने ज्येष्ठांचा ताल बिघडतो. पावसाळ्यात अनेक ठिकाणी जिल्हा प्रशासनाचे आणि वन विभागाचे बंदी आदेश लागू असतात. निघण्यापूर्वी त्यांची चौकशी अवश्य करावी.

सहा आठवड्यांची तयारी

घरच्या घरी दोन चाचण्या करून पाहाव्यात. पहिली खुर्चीची. हात छातीशी घडी घालून, साध्या खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते, ते मोजावे. जवळ कोणीतरी असावे आणि खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी. सत्तरीच्या आसपास स्त्रियांना किमान दहा आणि पुरुषांना किमान बारा वेळा हे जमायला हवे. त्याहून कमी जमत असेल, तर पायांतली ताकद कमी आहे व पडण्याचा धोका अधिक आहे असे समजावे.

दुसरी चाचणी जिन्याची. आपल्या नेहमीच्या गतीने, न थांबता दोन मजले चढावेत. छातीत दडपण, चक्कर किंवा बोलता न येण्याइतकी धाप लागली, तर सहलीचा बेत बाजूला ठेवून प्रथम डॉक्टरांकडे जावे.

दोन्ही चाचण्या नीट पार पडल्या, की सहा आठवड्यांचा सराव सुरू करावा. आठवड्यातून पाच दिवस वीस मिनिटांपासून सुरुवात करून चाळीस मिनिटांपर्यंत सपाट चालणे. दिवसाआड खुर्चीतून उठबस, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. आणि आठवड्यातून दोनदा जिना. जिना पहिल्या आठवड्यात दोन मजले, मग तीन, असे हळूहळू वाढवावे. चढून झाल्यावर शक्य असेल तेथे लिफ्टने खाली यावे. उतरण्याचा सराव शेवटच्या दोन आठवड्यांत, कठडा धरून, थोडाच करावा. सरावात मध्ये विश्रांती घेत आपण सुखाने जितके मजले चढू शकता, तितकेच मजले धबधब्याकडे उतरावेत. हाच आपला ‘परवाना’.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या काकूंनी हा हिशेब कसा वापरला, ते सांगण्याजोगे आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज, रक्तदाबाच्या गोळ्या आणि दोनशे चाळीस पायऱ्यांचा धबधबा पाहण्याची इच्छा, अशी त्यांची स्थिती होती. सरावाअंती त्यांना सहा मजले नीट चढता येऊ लागले, म्हणजे एकशे वीस पायऱ्या. ‘अर्ध्या वाटेवरून परत फिरायचे तर जायचे कशाला, डॉक्टर?’ असे त्यांनी विचारले. मुलाने आधी एकदा जाऊन पाहिले, तेव्हा शंभराव्या पायरीपुढच्या वळणावर एक कठडा आहे आणि तेथून धबधबा माथ्यापासून पायथ्यापर्यंत दिसतो, हे कळले. काकू त्या वळणापर्यंत गेल्या. अर्धा तास तेथे बसल्या. ‘अजून थोडेच राहिले आहे’ असा नातवाचा आग्रह झाला, तेव्हा ‘खालून फक्त पाणी दिसेल, इथून डोंगरही दिसतो’ असे म्हणून त्या परतीला लागल्या. तीन वेळा थांबत, पंचवीस मिनिटांत वर आल्या. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखले, पण नेहमीच्या कामांत खंड पडला नाही. माझ्या मते ही सहल पूर्ण यशस्वी झाली.

औषधांचा हिशेब

सहलीच्या दिवशी औषधे ‘आल्यावर घेऊ’ म्हणून पुढे ढकलली जातात. ते करू नये. मात्र काही औषधांबाबत आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालण्याने एकदम उतरू शकते. स्नायू त्यानंतरही कित्येक तास साखर शोषत राहतात, त्यामुळे त्या रात्रीही सावध राहावे. वाटेला लागण्यापूर्वी साखर तपासावी. घाम, थरथर, गोंधळलेपणा जाणवल्यास तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखरेची पुडी सहलीच्या पिशवीत न ठेवता ज्याची त्याच्या खिशात असावी.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे अनेक जण प्रवासात स्वच्छतागृहाच्या अडचणीमुळे गोळीही टाळतात आणि पाणीही पीत नाहीत. विशेषतः स्त्रिया हे निमूटपणे सहन करतात. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे, आणि वाटेत स्वच्छतागृह कोठे आहे हे सोबत्यांनी आधीच पाहून ठेवावे. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचा वेग मंदावणारी औषधे चालू असतील, तर नाडीच्या ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज येत नाही. साखर उतरल्यावर होणारी धडधडही जाणवेनाशी होते. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे बसलेले एकदम उठताना चक्कर येते. विश्रांतीनंतर आधी पाय हलवावेत, मग सावकाश उठावे.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जळवांपासून जपावे. जळू चावली तर ओढून तोडू नये. नखाने तिच्या बारीक टोकाकडून सरकवून काढावी, जखम धुवावी आणि दहा-पंधरा मिनिटे घट्ट दाबून धरावी.

पायांत, हातांत आणि डोळ्यांवर

नवे बूट सहलीच्या दिवशी कधीही घालू नयेत. खाचांचा रबरी तळ असलेले, टाचेला घट्ट बसणारे आणि किमान महिनाभर वापरलेले बूट असावेत. मधुमेहींनी निघताना व परतल्यावर तळपाय आणि बोटांमधील जागा पाहून घ्यावी.

काठी म्हातारपणाचे चिन्ह मानून टाळली जाते. उतारावर ती तिसरा पाय असते. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत येईल इतकी तिची उंची असावी आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी ठेवावा. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. काठीला रबरी टोपी हवीच.

एक गोष्ट बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही, ती चष्म्याची. दुहेरी भिंगाच्या किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. पायरीकडे पाहताना नजर त्याच भागातून जाते आणि पायरीची कडा धूसर दिसते. वारंवार बाहेर पडणाऱ्यांनी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. तो नसेल तर मान खाली झुकवून, भिंगाच्या वरच्या भागातून पायरी पाहावी. श्रवणयंत्र तुषारांनी भिजू नये म्हणून धबधब्याजवळ ते काढून कोरड्या डबीत ठेवावे. पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. म्हणून ‘थांबा’ आणि ‘परत फिरा’ यांसाठी हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात.

प्रत्यक्ष वाटेवर

सकाळी हलकी न्याहारी करून निघावे. भरपेट जेवणानंतर लगेच चढ चढू नये. चालण्याची गती अशी असावी, की सोबत्याशी गप्पा मारता येतील. वाक्य तुटू लागले की थांबावे. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेल्या नियमानुसार पाच किलोमीटर चालण्यास एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास लागतो. हा नियम धडधाकट तरुणांसाठी आहे. आपण त्याच्या किमान दुप्पट वेळ धरावा आणि विश्रांती वेगळी मोजावी. परतीची वेळ घड्याळाने ठरवावी. दुपारी तीननंतर दरीत थांबू नये, कारण डोंगराच्या कुशीत अंधार लवकर उतरतो.

पाण्याबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे : धबधबा पाहावा, त्याखाली उभे राहू नये. पाण्याबरोबर दगड येतात, शेवाळावर पाय ठरत नाही, आणि थंड पाण्याचा एकदम मारा झाल्यास रक्तदाब वाढून हृदयावर ताण येतो. आपल्या डोक्यावर ऊन असले, तरी वरच्या खोऱ्यात झालेला पाऊस काही मिनिटांत लोंढा होऊन येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात पाने-काटक्या येणे, आवाज वाढणे या खुणा दिसताच सामान सोडून उंचावर जावे. पायाला जखम असल्यास साचलेल्या पाण्यात पाय घालू नये. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, स्नायूदुखी झाल्यास डॉक्टरांना या सहलीविषयी आवर्जून सांगावे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची शंका वेळेत घेता येते.

सोबत्यांसाठी चार शब्द

उतरताना ज्येष्ठांच्या एक पायरी पुढे आणि चढताना एक पायरी मागे राहावे. हात ओढू नये. आपला दंड त्यांना धरू द्यावा. मोबाइलची रेंज शेवटची कोठे मिळते आणि सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणत्या दिशेला आहे, हे टिपून ठेवावे. औषधांची यादी, आजारांची नोंद आणि रक्तगट लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ज्येष्ठांच्या खिशात द्यावा.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, विश्रांतीनंतरही न जाणारी धाप, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही घडले, तर रुग्णाला चढवू नये. त्याला बसवावे आणि १०८ किंवा ११२ वर फोन करावा. रेंज नसेल, तर एकाने वर जाऊन मदत आणावी, दुसऱ्याने रुग्णाजवळच थांबावे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असल्यास ती रुग्णाला बसवूनच द्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो.

ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांना कारण न कळता चक्कर येऊन पडणे झाले आहे, ज्यांचा रक्तदाब १८०/११०च्या वर राहतो किंवा ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीवाचून निघू नये. त्यांच्यासाठी रस्त्यालगतचा धबधबा आहेच.

आणि सोबत्यांना शेवटची विनंती. आई-वडिलांनी ‘मी इथवरच येतो’ असे म्हटले, की त्यावर वाद घालू नये आणि त्यांना तेथे एकटे सोडून पुढेही धावू नये. कोणीतरी त्यांच्याजवळ बसावे, थर्मासमधला चहा ओतावा. आपले शरीर किती साथ देईल हे त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक असते. त्यांचे ते वाक्य हार मानणाऱ्याचे नसते. नीट परतून, पुढच्या वर्षीही येण्याची इच्छा असणाऱ्या माणसाचे ते असते.